विश्लेषण : स्वतःचा सर्व्हर आणि क्लाउड... खरी कसोटी दोघांमधल्या दुव्याची!

सहकारी बँका, दूध संघ, साखर कारखाने, पतसंस्था, शिक्षणसंस्था... कोल्हापूर जिल्ह्याचा मोठा कारभार आता सर्व्हरवर चालतो. काही कामे स्वतःच्या सर्व्हरवर आणि काही क्लाउडवर ठेवण्याचा ‘हायब्रिड’ मार्ग अनेक ठिकाणी विचारात घेतला जातो. काय कुठे ठेवायचे, यावर बैठका होतात. दोन्ही ठिकाणे जोडायची कशी, हा प्रश्न मात्र बहुधा शेवटी येतो. व्यवस्था कोलमडते तेव्हा अनेकदा दोष याच दुव्यात सापडतो.

डेडिकेटेड आणि क्लाउड सर्व्हरमध्ये फरक काय?

डेडिकेटेड सर्व्हर म्हणजे एकाच संस्थेसाठी राखून ठेवलेले अख्खे यंत्र. ते संस्थेच्या मुख्य कार्यालयातील सर्व्हर रूममध्ये असू शकते किंवा मुंबई-पुण्यातील डेटा सेंटरमध्ये भाड्याने घेतलेले असू शकते. त्याचा प्रोसेसर, मेमरी, डिस्क यांत दुसरा वाटेकरी नसतो. त्यामुळे वेग स्थिर राहतो आणि महिन्याचा खर्च आधीच ठाऊक असतो. मात्र क्षमता वाढवायची तर नवे यंत्र मागवावे लागते.

क्लाउडमध्ये एका मोठ्या यंत्रसमूहातून हवा तेवढा हिस्सा हवा तेवढा वेळ घेता येतो. गरज संपली की तो परत करायचा. जेवढा वापर तेवढे बिल. मायक्रोसॉफ्टने २०१५ मध्ये पुणे, मुंबई आणि चेन्नईत, अॅमेझॉनने २०१६ मध्ये मुंबईत, तर गुगलने २०१७ मध्ये मुंबईत आपली क्लाउड केंद्रे सुरू केली. त्यामुळे डेटा देशाबाहेर न पाठवता क्लाउड वापरण्याची सोय झाली. महाराष्ट्र सरकारनेही जानेवारी २०१८ मध्ये सार्वजनिक क्लाउड धोरण जाहीर करून शासकीय विभागांना हा मार्ग खुला केला.

मग दोन्ही ठेवण्याची गरज काय?

कारण कामाचे स्वरूपच दोन प्रकारचे असते. साखर कारखान्याचे उदाहरण घेऊ. सभासदांची खाती, हिशेब, पगारपत्रक ही कामे बारमाही आणि साधारण एकसारखी असतात. पण गाळप हंगाम सुरू झाला की वजनकाट्यावरच्या नोंदी, वाहतूकदारांची खाती, ऊसबिले यांचा भार एकदम वाढतो आणि हंगाम संपताच ओसरतो. चार-पाच महिन्यांच्या भारासाठी मोठे यंत्र विकत घेतले, तर उरलेले वर्ष ते जवळपास बसून राहते. विद्यापीठाच्या निकालाचा दिवस किंवा नवरात्रातील ऑनलाइन दर्शन यांचेही तसेच.

म्हणून रोजचा स्थिर आणि संवेदनशील भाग डेडिकेटेड सर्व्हरवर, तर कमी-जास्त होणारा भाग क्लाउडवर, अशी विभागणी केली जाते. संकेतस्थळ, मोबाइल अॅप, अहवाल आणि बॅकअप क्लाउडवर. मुख्य डेटाबेस आपल्या यंत्रावर. कागदावर हे चित्र सुटसुटीत दिसते. प्रत्यक्षात अॅपवर खातेदाराने शिल्लक पाहिली की क्लाउडला ती विचारण्यासाठी प्रत्येक वेळी डेडिकेटेड सर्व्हरपर्यंत जावे लागते. म्हणजे सगळा डोलारा मधल्या रस्त्यावर उभा असतो.

दोन्ही सर्व्हर जोडतात कसे?

मुख्य मार्ग दोन. पहिला, व्हीपीएन. नेहमीच्या इंटरनेटवरूनच दोन्ही टोकांमध्ये एक कूटबद्ध बोगदा तयार केला जातो. त्यातून जाणारा डेटा मधल्या कोणाला वाचता येत नाही. तो स्वस्त असतो आणि दिवसभरात सुरू करता येतो. पण खालचा रस्ता सार्वजनिक असल्याने वेग कमी-जास्त होतो.

दुसरा, खासगी थेट जोडणी. दूरसंचार कंपनीकडून लीज लाइन घेऊन ती क्लाउड कंपनीच्या जोडणी केंद्रापर्यंत नेली जाते. वेग ठरलेला, विलंब स्थिर. मात्र खर्च जास्त आणि उभारणीला आठवडे लागतात. येथे एक गैरसमज हमखास होतो. लाइन खासगी आहे म्हणजे डेटा आपोआप कूटबद्ध झाला, असे नाही. ती व्यवस्था बहुतेक वेळा वेगळी करावी लागते.

जोडणीपूर्वीची एक साधी गोष्ट अनेकदा राहून जाते, ती म्हणजे आयपी पत्त्यांचे नियोजन. कार्यालयातील जाळ्यात १९२.१६८.१ ने सुरू होणारे पत्ते असतील आणि क्लाउडवरही तेच दिले असतील, तर दोन गल्ल्यांना एकच नाव दिल्यासारखे होते. पत्र कुठल्या गल्लीत टाकायचे, हे पोस्टमनला कळत नाही. जोडणी झाल्यावर हे पत्ते बदलणे जिकिरीचे असते, म्हणून पत्त्यांच्या मालिका पहिल्याच दिवशी वेगळ्या ठेवायच्या.

अंतराने खरेच फरक पडतो का?

पडतो, आणि तो कितीही पैसे मोजून पूर्ण मिटत नाही. ऑप्टिकल फायबरमधून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर जातो. कोल्हापूर ते मुंबई फायबरची लांबी ४०० किलोमीटर धरली, तर जाऊन-येऊन किमान ४ मिलिसेकंद लागणारच. वळणे आणि मधली उपकरणे धरून तो काळ १० मिलिसेकंद झाला असे समजू.

हा आकडा किरकोळ वाटतो. पण जुन्या पद्धतीच्या सॉफ्टवेअरमध्ये एक पान उघडण्यासाठी डेटाबेसला एकामागून एक ३०० प्रश्न विचारले जात असतील, तर नुसत्या ये-जा करण्यात ३ सेकंद जातात. दोन्ही यंत्रे एकाच खोलीत असताना हेच काम सेकंदाच्या छोट्या भागात होत होते. ‘क्लाउडवर गेल्यापासून सिस्टीम मंद झाली’ या तक्रारीचे मूळ अनेकदा इथे असते. उपाय म्हणजे एकमेकांशी सतत बोलणारे भाग एकाच बाजूला ठेवणे, वारंवार लागणाऱ्या माहितीची प्रत क्लाउडवर ठेवणे आणि अनेक प्रश्न एकाच फेरीत विचारणे.

दुवाच तुटला तर?

कोल्हापूरकरांसाठी हा प्रश्न पुस्तकी नाही. राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट आहे. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात पाणी ५५ फुटांच्या वर गेले. दोन्ही वेळा पुणे-बेंगळुरू महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन काही दिवस बंद राहिला. अशा वेळी तळमजल्यावरचा सर्व्हर, जनरेटर आणि त्याला लागणारे डिझेल, तिन्ही एकाच वेळी अडचणीत येतात. पूर नसतानाही दुवा तुटू शकतो. जून २०२३ मध्ये शहरात तणाव निर्माण झाल्यावर इंटरनेट सेवा तात्पुरती बंद ठेवण्यात आली होती.

म्हणून दुवा एक नको, दोन हवेत; आणि ते खऱ्या अर्थाने वेगळे हवेत. दोन कंपन्यांच्या लाइन घेतल्या, पण दोन्ही केबल एकाच चरातून आणि एकाच पुलावरून जात असतील, तर जेसीबीचा एक फटका दोन्हींना पुरतो. एक मार्ग साताऱ्याकडून पुण्याला आणि दुसरा बेळगावकडे किंवा अन्य दिशेने जातो का, हे कंपनीकडून नकाशासह लिहून घेणे आवश्यक ठरते. खासगी लाइन मुख्य आणि व्हीपीएन राखीव, ही जोडगोळी त्यामुळेच प्रचलित आहे.

दुवा तुटल्यावर आणखी एक धोका असतो. दोन्ही बाजूंना वाटते की समोरची बाजू बंद पडली आणि आता आपणच मुख्य. समजा, खात्यात ५० हजार रुपये आहेत. शाखेत एका सर्व्हरने ४० हजार दिले आणि त्याच वेळी अॅपवर दुसऱ्याने ४० हजार पाठवले. दुवा पूर्ववत झाल्यावर कोणती नोंद खरी धरायची? हे टाळण्यासाठी तिसऱ्या ठिकाणी एक ‘साक्षीदार’ सर्व्हर ठेवतात. ज्या बाजूचा त्याच्याशी संपर्क आहे, तीच व्यवहार करते. दुसरी फक्त शिल्लक दाखवते किंवा थांबते.

डेटाची प्रत क्लाउडवर कशी जाते, हेही आधीच ठरवावे लागते. प्रत्येक नोंद दोन्हीकडे पोहोचल्यावरच व्यवहार पूर्ण मानला, तर काही हरवत नाही, पण प्रत्येक व्यवहार थोडा मंदावतो. नोंदी मागाहून पाठवल्या तर वेग मिळतो, पण संकटात शेवटच्या काही सेकंदांच्या किंवा मिनिटांच्या नोंदी जाऊ शकतात. बँकेला हे परवडत नाही. संकेतस्थळाला चालून जाते.

सुरक्षेचा धोका नेमका कुठे?

ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेवर झालेला सायबर हल्ला या दृष्टीने बोलका आहे. त्यात सुमारे ९४ कोटी रुपये लुटले गेले. एटीएममधून आलेली मागणी एका स्विचमार्फत बँकेच्या मुख्य प्रणालीकडे जाते आणि तिथून मंजुरी मिळते. हल्लेखोरांनी मधल्या स्विचच्या जागी स्वतःची बनावट व्यवस्था उभी केली. बनावट कार्डांवरच्या मागण्या मुख्य प्रणालीपर्यंत पोहोचल्याच नाहीत. मध्येच मंजूर झाल्या. अनेक देशांतून आणि भारतातील काही शहरांतून पैसे काढले गेले. त्या शहरांत कोल्हापूरही होते.

दुसरे उदाहरण ३१ जुलै २०२४ चे. बँकांना तंत्रज्ञान सेवा देणाऱ्या सी-एज टेक्नॉलॉजीज या कंपनीच्या प्रणालीवर रॅन्समवेअर हल्ला झाल्यावर नॅशनल पेमेंट्स कॉर्पोरेशनने तिची पेमेंट यंत्रणेशी असलेली जोडणी तोडली. सुमारे ३०० छोट्या बँकांच्या ग्राहकांचे व्यवहार त्यामुळे थांबले. दुसऱ्या दिवशी जोडणी पूर्ववत झाली.

पहिल्या घटनेचा धडा असा, की दुवा सुरक्षित नसेल तर दोन्ही टोके मजबूत असूनही उपयोग नाही. दुसरीचा धडा असा, की वेळ आल्यास दुवा चटकन तोडताही आला पाहिजे. त्यामुळे क्लाउडकडून डेडिकेटेड सर्व्हरकडे सरसकट प्रवेश न देता फायरवॉलमध्ये नेमक्या कामापुरतीच वाट उघडी ठेवली जाते. बॅकअपची एक प्रत दोन्हींपासून अलग ठेवली जाते. नाहीतर एका बाजूला शिरलेला विषाणू त्याच जोडणीवरून बॅकअपपर्यंत पोहोचतो.

नियम काय सांगतात?

रिझर्व्ह बँकेच्या एप्रिल २०१८ च्या आदेशानुसार पेमेंट व्यवहारांचा डेटा भारतातच साठवणे बंधनकारक आहे. ‘सर्ट-इन’ या केंद्रीय यंत्रणेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना लक्षात आल्यापासून ६ तासांत कळवावी लागते आणि प्रणालीच्या नोंदी १८० दिवस जपाव्या लागतात. सर्व यंत्रांची घड्याळे प्रमाणवेळेशी जुळवून ठेवण्याची अटही त्यात आहे. हायब्रिड व्यवस्थेत तिचे मोल अधिक आहे. दोन बाजूंच्या घड्याळांत दोन मिनिटांचा फरक असेल, तर आधी काय घडले आणि नंतर काय, याचा मेळच लागत नाही.

खर्चाचे गणित कुठे चुकते?

क्लाउडमध्ये डेटा आत नेणे बहुधा मोफत असते. बाहेर काढताना प्रति जीबी शुल्क लागते. डेडिकेटेड सर्व्हर दिवसभर क्लाउडकडून माहिती ओढत असेल, तर महिन्याचे बिल अंदाजापेक्षा बरेच वाढते. दुसरी चूक वेळेची. क्लाउडवर १० टेराबाइटचा बॅकअप आहे आणि लाइन १०० एमबीपीएसची आहे, असे समजा. लाइन पूर्ण वेगाने अखंड चालली तरी तो परत आणायला सव्वानऊ दिवस लागतील. तेवढे दिवस बँकेची शाखा किंवा दूध बिलांचे काम बंद ठेवता येईल का? नसेल, तर क्लाउडवर केवळ बॅकअप ठेवून भागत नाही. गरज पडताच तिथूनच काम सुरू करता येईल, अशी तयारी लागते.

संस्थांनी आधी काय तपासावे?

संचालक मंडळासमोर प्रस्ताव येईल तेव्हा सर्व्हरच्या किमतीबरोबर काही प्रश्न विचारले जायला हवेत. दोन्ही लाइन कोणत्या रस्त्याने जातात? मुख्य लाइन बंद पडल्यास राखीव लाइन आपोआप सुरू होते की कोणाला फोन करावा लागतो? दुवा तुटलेला असताना शाखा, संकलन केंद्र किंवा वजनकाटा किती वेळ स्वतंत्रपणे काम करू शकेल? सर्व्हर रूम पुराच्या पातळीच्या वर आहे का? आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, याची रंगीत तालीम शेवटची कधी झाली?

ही तालीम म्हणजे एखाद्या रविवारी मुख्य लाइन मुद्दाम काढून ठेवायची आणि काय चालते, काय थांबते याची यादी करायची. तिला फारसा खर्च येत नाही. ती मे महिन्यात, पावसाळ्यापूर्वी झाली, तर सापडलेल्या त्रुटी दुरुस्त करायला हाताशी काही आठवडे मिळतात. ऑगस्टमध्ये पंचगंगा पात्राबाहेर आल्यावर ती सवड राहत नाही.