पाठीशी उभे राहणारे पात्र

आपल्या जिमखान्याच्या यादीत नसलेल्या एका खेळाविषयी लिहायचे आहे. त्याला मैदान लागत नाही, गणवेश लागत नाही, आणि शेवटी कोण जिंकले असे कुणी विचारले तर नीटसे उत्तरही देता येत नाही. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हे त्याचे नाव. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोन अमेरिकन गृहस्थांनी तो १९७४ साली प्रसिद्ध केला. चार-पाच माणसे, कागद, पेन्सिल आणि फासे एवढ्यावर तो चालतो. एक जण सूत्रधार होतो. 'तुम्ही पडक्या किल्ल्याच्या दारात उभे आहात, आतून कसलासा आवाज येतो आहे,' असे तो सांगतो; बाकीचे प्रत्येकी एकेक पात्र होऊन आपण काय करतो ते बोलतात. करू म्हटलेले जमले की नाही, हे वीस बाजूंचा फासा ठरवतो. थोडे नाटक, थोडे गणित आणि बरीचशी कहाणी, असा हा प्रकार आहे.

आम्ही पाच जण तो वाडी रत्नागिरीला, म्हणजे जोतिबाच्या डोंगरावर, खेळतो. रविवार देवाचा वार. त्या दिवशी गावात जो तो यात्रेकरूंच्या कामात असतो, म्हणून आमची बैठक सोमवारी संध्याकाळी. नियम इंग्रजीत आहेत. त्यांचा मूळ गाभा मोफत वाचायला मिळतो, पण आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिलीच, त्यामुळे अडलेला शब्द विचारायला शब्दकोशाखेरीज कोणी नाही. तरी नेटाने वाचले, कारण एका गोष्टीचा छडा लावायचा होता.

पात्रे वाटून घेताना तलवार एकाने उचलली, धनुष्य दुसऱ्याने, आणि कुलपे उघडून चोरवाटा शोधणारे पात्र तिसऱ्याने. चौथा सूत्रधार. उरले मलमपट्टीचे पात्र. ते 'तुझ्यासाठीच' असे ठरून गेले, कारण पाच जणांत मुलगी मी एकटी. घरी पंगतीत वाढायचे आणि इथेही वाढायचेच, असे मनात आल्यावाचून राहिले नाही. मी पात्र घेतले. मात्र ते कसे घडवायचे ते मी ठरवीन, अशी अट घातली. मदत करणारे पात्र मुळातच दुय्यम असते, की आपण ते दुय्यम समजून घडवतो म्हणून तसे होते? नियम वाचल्यावर माझे मत दुसऱ्या बाजूला झुकले.

या पात्राला 'क्लेरिक' म्हणतात. देवाच्या कृपेने मंत्र चालवणारा, पण चिलखत घालून लढाईत उतरणारा. पुजारी म्हणावे तर हातात गदा, शिपाई म्हणावे तर ओठांवर मंत्र. १९७४ च्या पहिल्या पुस्तकात योद्धा, जादूगार आणि क्लेरिक असे पात्रांचे तीनच वर्ग होते. त्याच्या जन्माची हकीकत गमतीची आहे. आर्नेसन यांच्या घरच्या खेळात एका खेळाडूचे पात्र रक्तपिपासू पिशाच्च होऊन इतके बलाढ्य झाले की त्याला आवरायला कुणीतरी हवे झाले. म्हणजे मूळचा हा भूत उतरवणारा देवऋषीच म्हणायचा! त्या पहिल्या पुस्तकात पहिल्या पातळीवरच्या क्लेरिकला एकही मंत्र मिळत नसे. जखमा भरणे हे त्याच्या अनेक कामांपैकी एक; सोबत्यांनी त्याला तेवढ्यावरच आणून बसवले. २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीत तयार ठेवलेला बहुतेक कोणताही मंत्र ऐनवेळी उपचारात बदलण्याची मुभा आली, त्यामुळे सगळी शिदोरी उपचारासाठीच राखून ठेवण्याची गरज उरली नाही. आणि २००८ च्या चौथ्या आवृत्तीत तर मदत करणाऱ्या पात्रांच्या भूमिकेला 'लीडर' असेच नाव दिले. वाढपी नव्हे, पुढारी.

आता घडण. आकडे २०१४ च्या पाचव्या आवृत्तीचे देते, कारण आम्ही तीच खेळतो. २०२४ मध्ये सुधारित पुस्तक आले आणि त्यात उपचाराच्या मंत्रांचे फासे वाढले आहेत.

प्रत्येक पात्राला सहा गुण असतात: बळ, चपळाई, तग, बुद्धी, शहाणपण आणि छाप. (बुद्धी आणि शहाणपण वेगवेगळे मोजलेले पाहून मला बरे वाटले. आपल्या गुणपत्रिकेत दुसऱ्याला रकाना नाही.) या सहांत १५, १४, १३, १२, १० आणि ८ हे आकडे वाटायचे, आणि साधा माणूस घेतला तर प्रत्येकात एक वाढतो. क्लेरिकचे मंत्र शहाणपणावर चालतात, म्हणून १५ तिथे. ते १६ झाले की फाशात तीन मिळवता येतात. दुसरा आकडा बहुतेक जण बळाला देतात. मी तो तगीला दिला. कारण पुढे येईलच. तिसरा बळाला, कारण साखळीचे चिलखत पेलायला बळ १३ लागते, नाहीतर चाल मंदावते. भारी चिलखत सगळ्याच क्लेरिकना वापरता येत नाही. देवाचे जे 'क्षेत्र' निवडावे त्याप्रमाणे ते मिळते, आणि 'जीवन' या क्षेत्रात मिळते. चिलखताचे १६ आणि ढालीचे २ मिळून बचाव १८ झाला. साध्या गॉब्लिनचा, म्हणजे बुटक्या कपटी राक्षसाचा, वार अशा पात्राला वीसपैकी सातच वेळा लागतो. 'मदतनीसाला एवढे चिलखत कशाला?' असे तलवारवाल्याने विचारले. जो पडला की बाकीचे सगळे पडतात, त्याने उघड्या अंगाने का उभे राहायचे?

खरी निवड मंत्रांची. पहिल्या पातळीवर दिवसाकाठी दोनच मोठे मंत्र म्हणता येतात. दोनच काडतुसे, म्हणा ना. ती कशावर खर्चायची?

सोबत्यांचे म्हणणे, उपचारावर. तर मग हिशेब पाहू. पात्राला 'हिट पॉइंट' असतात. आम्ही त्यांना सरळ 'प्राण' म्हणतो. उपचाराच्या मंत्रात आठ बाजूंचा एक फासा टाकतात, त्यात शहाणपणाचे ३ आणि जीवनक्षेत्राचे ३ मिळवतात: सरासरी साडेदहा प्राण. उलट बाजूने ऑगर नावाचा राक्षस सोटा मारतो तेव्हा आठ बाजूंचे दोन फासे आणि वर चार, म्हणजे सरासरी तेरा प्राण जातात. आपण अख्खी पाळी आणि अर्धी शिदोरी खर्चून जेवढे भरले, त्याहून जास्त तो एका घावात सांडतो. भर लढाईत जखमा भरत बसणे म्हणजे फुटक्या घागरीत पाणी ओतणे आहे.

आता दुसरा मंत्र घ्या, आशीर्वादाचा. तिघांवर एकदाच म्हणायचा. एक मिनिट, म्हणजे खेळातल्या दहा फेऱ्या, टिकतो. तोवर त्यांच्या प्रत्येक वारात चार बाजूंच्या फाशाची भर पडते, आणि विष, भीती, मोहिनी यांच्यापासून बचावतानाही पडते. आमच्या योद्ध्याला गॉब्लिनवर वार लागायला फाशावर दहा यावे लागतात. म्हणजे वीसपैकी अकरा संधी. आशीर्वादाने सरासरी अडीच वाढतात आणि अकराच्या साडेतेरा होतात. तिघांचे तीन फेऱ्यांतले नऊ वार धरले, तर जिथे पाच लागायचे तिथे सहा लागतात. बारीकशी गोष्ट वाटते, पण ऑगर मेला काय आणि उरला काय, ते त्या सहाव्या वारावर ठरते. मेलेल्याच्या सोट्याने झालेली जखम भरावी लागत नाही! मात्र एक-दोन फेऱ्यांत आटोपणाऱ्या झटापटीत हा मंत्र वाया जातो, तेव्हा गदाच बरी.

सहावा वार ज्याने केला शाबासकी त्याला मिळते, यावर माझी तक्रार नाही. पण चार बाजूंचा तो लाल फासा मी माझ्यापाशी ठेवते आणि प्रत्येक वेळी ज्याच्या त्याच्या हातात देते. कुठून आले ते कळलेले बरे.

आता तगीचे कारण. हा मंत्र एकाग्रतेवर उभा असतो. तो धरून ठेवणाऱ्याला घाव बसला, की तगीचा फासा टाकून १० किंवा घावाच्या निम्मे, यांतला मोठा आकडा गाठावा लागतो. चुकले तर मंत्र तुटतो. शिवाय असा एकच मंत्र एका वेळी धरता येतो. चैत्री पौर्णिमेला ज्यांनी डोंगरावर सासनकाठ्या नाचताना पाहिल्या आहेत, त्यांना हे चटकन समजेल. उंचच उंच काठी एक जण पेलतो, आणि शेंड्याला बांधलेल्या तोरण्या चहूबाजूंनी माणसे ताणून धरतात. पाहणाऱ्यांचे डोळे आणि गुलाल काठी नाचवणाऱ्याकडे असतात. तोरण्या धरणाऱ्याचे डोळे मात्र शेंड्यावर. धक्का बसला तरी हात सुटता कामा नये, आणि शेजारच्या काठीची दोरी त्याने धरायची नसते. एकाग्रतेचा नियम यापेक्षा चांगल्या तऱ्हेने मला समजावता येणार नाही.

मग उपचार करूच नये का? करावा, पण वेळ पाहून. प्राण शून्यावर आले की पात्र बेशुद्ध पडते आणि दर पाळीला मरणाचा फासा टाकते: दहा किंवा वर आले तर यश, खाली आले तर अपयश, तीन अपयशे झाली की संपले. पण त्याला एक प्राण जरी परत मिळाला तरी ते डोळे उघडते आणि पुन्हा पूर्ण जोराने वार करते. अर्ध्या प्राणांवरचा योद्धा आणि एका प्राणावरचा योद्धा यांच्या तलवारीत काडीचाही फरक नसतो. म्हणून मी उपचाराचा दुसरा, धाकटा मंत्र पसंत केला. तो साठ फुटांवरून नुसत्या शब्दाने चालतो, प्राण थोडे कमी देतो, पण त्याच पाळीत आपल्याला गदाही चालवता येते. 'ऊठ' म्हणावे आणि समोरच्याला हाणावे. अपवाद एकच: पडलेल्याच्या डोक्यावरच शत्रू उभा असेल तर थांबणे घातक, कारण जवळून बसलेला एक घाव दोन अपयशांबरोबर धरतात.

हे कागदावर सोपे आहे. खेळताना 'मला बरे कर, मला आधी' असा ओरडा होतो, आणि 'अजून नाही' म्हणावे लागते. या पात्राचे सर्वांत अवघड काम हेच आहे, असे मला वाटते. आम्हा मुलींना त्याची सवय लावलेली नसते. पहिल्यांदा मी तसे म्हटले तेव्हा धनुष्यवाला रुसला; ती लढाई आम्ही चौघेही उभे राहून संपवली, तेव्हा त्याने पेढ्याचा पुडा माझ्याकडे सरकवला.

बाकीचे थोडक्यात. 'अभय' नावाचा मंत्र सोबत ठेवावा. त्याला एकाग्रता लागत नाही. छोट्या मंत्रांत 'मार्गदर्शन' हवेच: लढाईबाहेर कुलूप उघडणाऱ्याला किंवा कडा चढणाऱ्याला चार बाजूंच्या फाशाची भर मिळते, आणि ते कितीही वेळा फुकट. तिसऱ्या पातळीवर एक मंत्र येतो, तो तिघांचे प्राण आठ तासांसाठी पाच-पाचने वाढवून ठेवतो; सकाळीच बांधून द्यावी अशी भाकरी. ज्यांना गदा-चिलखत नको, त्यांनी 'बार्ड' घ्यावा. बार्ड म्हणजे आपला शाहीर! तो शब्दांनी सोबत्याला चेव आणतो आणि सहा बाजूंचा फासा बहाल करतो. कोल्हापूरच्या वाचकांना शाहिराचे सामर्थ्य मी काय सांगावे?

क्लेरिकला एक दैवतही लागते. पुस्तकातली परदेशी दैवते मला परकी वाटली, आणि खऱ्या देवाचे नाव खेळात नको हे आजीचे म्हणणे पटले. म्हणून दैवत कल्पित घेतले. पण त्याची गोष्ट रचताना डोळ्यांपुढे आमच्या डोंगराचीच कथा होती. करवीरची अंबाबाई दैत्यांशी लढत असता तिच्या साहाय्याला केदारनाथ आले, असे सांगतात. ज्याच्या नावाने लाखो लोक चांगभलं म्हणतात, तो मदतीसाठीच आलेला. त्याला कुणी दुय्यम म्हटल्याचे मी ऐकलेले नाही.

सध्या आमची पात्रे चौथ्या पातळीवर आहेत. पाचव्या पातळीवर क्लेरिकला मेलेल्या सोबत्याला परत आणणारा मंत्र मिळतो. मात्र तो मरणानंतर एका मिनिटाच्या आत म्हणावा लागतो, आणि त्यासाठी सोन्याच्या तीनशे नाण्यांचा हिरा जवळ असावा लागतो. हिरा एकदाच चालतो. आमच्या थैलीत एकशे चाळीस नाणी जमली आहेत, आणि तलवारवाल्याला नवे चिलखत घ्यायचे आहे. येत्या सोमवारी यावर चर्चा आहे.