कुट्टी किती बारीक करायची? मशीन घेण्याआधी कोकराचं पोट समजून घ्या

बंदिस्त मेंढीपालन म्हटलं की "सर, कुट्टी मशीन कोणतं घेऊ?" हा प्रश्न ठरलेला. मोटर किती एचपीची, किंमत किती, अनुदान मिळेल का, सगळं विचारता. तुकडा किती लांबीचा पडतो, हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. कोकराचं वजन बऱ्याच अंशी त्यावरच ठरतं.

आपली दख्खनी मेंढी रानात चरते तेव्हा घास स्वतः तोडते. शेडमध्ये हा निर्णय तुमच्या मशीनची पाती घेतात.

नुकत्याच जन्मलेल्या कोकराचं कोटीपोट, म्हणजे पोटाचा पहिला कप्पा, लहान असतं आणि कामाला लागलेलं नसतं. दूध सरळ चौथ्या कप्प्यात जातं. पुढे आईकडून, चाऱ्यातून जिवाणू आत वस्ती करतात आणि साधारण दोन महिन्यांत चारा पचायला लागतो. खुराक आंबून तयार होणाऱ्या आम्लांमुळे आतल्या अस्तरावरचे बारीक उंचवटे वाढतात. अन्नरस शोषायचं काम त्यांचं. पण पोटाची भिंत बळकट व्हायला आणि अस्तर स्वच्छ राहायला टोचणारा, चावावा लागणारा चाराच हवा.

चाऱ्याचा तुकडा जरा लांब असेल तर कोकरू रवंथ करतं. रवंथ केली की लाळ सुटते. लाळेत खाण्याच्या सोड्यासारखा क्षार असतो, तो पोटातलं आम्ल मारतो. चाऱ्यातला तंतू पचवणारे जिवाणू पीएच ६ च्या वर असला तरच नीट काम करतात. चाऱ्याचं पीठ केलंत की रवंथ कमी, लाळ कमी, पीएच खाली. त्यात खुराक जास्त असेल तर आम्ल करणारे जिवाणू माजतात. कोकरू खाणं सोडतं, पातळ हगतं, कधी दगावतंही. शिवाय पीठ पोटातून लवकर पुढे सरकतं, जिवाणूंना ते पचवायला वेळच मिळत नाही.

पीठ केल्यावर नासाडी कमी होते आणि कोकरू जास्त खातं, हे खरं आहे. म्हणून तर लोक फसतात! उलट अख्खा कडबा टाकला तर पानं खाऊन धांडे पायाखाली जातात. दूध तुटलेल्या कोकरांना १ ते २ सेंटीमीटर, मोठ्या मेंढ्यांना २ ते ३ सेंटीमीटर तुकडा, असं मी सांगतो.

लातूर-नांदेडकडे आणखी एक गोष्ट. सोयाबीनचं भुसकट मळणी यंत्रातून आधीच बारीक होऊन येतं. ते पुन्हा दळू नका. सोबत ज्वारीच्या कडब्याची कुट्टी द्या. पल्व्हरायझर असलेलं जोडमशीन घेतलंत तर तो भाग फक्त धान्याच्या भरड्यासाठी वापरा, चाऱ्यासाठी नाही. आधी चारा, मग खुराक. आणि चारा बदलायचा तर १०-१५ दिवसांत हळूहळू.

तपासणी फुकट आहे. खाऊन झाल्यावर तास-दोन तासांनी शेडमध्ये गुपचूप बघा. बसलेल्यांपैकी निम्मी कोकरं तरी रवंथ करताना दिसली पाहिजेत. लेंडी सुटी, गोळीदार हवी. चिकट लगदा पडत असेल तर आधी कुट्टीचा तुकडा आणि खुराकाचं प्रमाण तपासा.

आता धंद्याची भाषा. समजा ३० कोकरं आहेत आणि पचन बिघडल्यामुळे प्रत्येकाची वाढ दिवसाला ५० ग्रॅमनं घटली. ९० दिवसांत १३५ किलो जिवंत वजन गेलं. आजच्या बाजारभावानं गुणून बघा, मशीनच्या किमतीशी ताडून बघा.

शंका असेल तर उदगीरच्या पशुवैद्यकीय महाविद्यालयात किंवा जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. दुकानात जाताना कडब्याची पेंढी आणि शाळेची पट्टी सोबत न्या. मशीन चालू करायला लावा, पडलेले तुकडे मोजा, पाती किंवा गिअर बदलून लांबी कमी-जास्त होते का ते डोळ्यांनी बघा, आणि मगच ॲडव्हान्स द्या.