विश्लेषण : नर्सरीतली गुलाबी एचेव्हेरिया घरी येताच हिरवी का होते?

नर्सरीत गुलाबी-जांभळ्या कमळासारखी दिसणारी एचेव्हेरिया हौसेने ऑफिसच्या टेबलावर आणली जाते. महिन्या-दोन महिन्यांत रंग उडतो, खोड लांबते, पाने विरळ होतात. रोप आजारी आहे असे वाटून मग पाणी वाढवले जाते आणि ते खरोखरच कुजते.

रंग येतो कुठून?

हा रंग कायमचा नसतो. भरपूर ऊन आणि थंड रात्री यांचा ताण आला की पानांत अँथोसायनिन ही लाल-जांभळी रंगद्रव्ये वाढतात आणि प्रखर उन्हापासून पानाचा बचाव करतात. जांभूळ, कोकमाचा रंगही याच गटातल्या द्रव्यांचा. सावलीत त्यांची गरज उरत नाही, मग हरितद्रव्याचा हिरवा रंग वर येतो. म्हणूनच ‘पर्ल फॉन न्युर्नबर्ग’ ही लोकप्रिय जात पुणे-नाशिकच्या जानेवारीत जशी खुलते, तशी मुंबईच्या उबदार रात्रींत खुलत नाही. तो मालकाचा दोष नव्हे.

मूळ गाव मेक्सिकोचे डोंगर

एचेव्हेरियाच्या बहुतेक प्रजाती मेक्सिकोतल्या. वनस्पतींची चित्रे काढणारे तिथले चित्रकार आतानासिओ एचेव्हेरिया यांचे नाव १८२८ मध्ये स्विस वनस्पतिशास्त्रज्ञ द कांदोल यांनी या रोपाला दिले. आपली पानफुटी याच क्रॅसुलेसी कुळातली. पानफुटीसारखेच एचेव्हेरियाचे अखंड निघालेले पानही कोरड्या मातीवर नुसते ठेवले तरी मुळे धरते. मात्र दर वेळी यश येतेच असे नाही.

ही रोपे दिवसा पर्णरंध्रे मिटून घेतात आणि रात्री उघडून कार्बन डायऑक्साइड साठवतात. त्यामुळे पाणी फार कमी उडते. जाड पाने म्हणजे पाण्याची टाकीच. ती भरलेली असताना वरून पुन्हा पाणी कशाला?

मग करायचे काय?

माती पूर्ण कोरडी झाल्यावरच भरपूर पाणी द्यावे आणि ते खालच्या भोकातून निथळू द्यावे. खालची पाने सुरकुतली तर रोप तहानलेले. पिवळी, पारदर्शक, लिबलिबीत झाली तर पाणी जास्त झाले. खालची एक-दोन पाने कागदासारखी वाळणे मात्र नेहमीचेच. मातीत निम्म्याच्या आसपास जाड वाळू, विटांचा चुरा किंवा पर्लाइट हवे. सकाळचे चार-पाच तास ऊन मिळावे, पण सावलीतले रोप एकदम कडक उन्हात ठेवल्यास पाने करपतात. पानांवरची पांढरी भुकटी धूळ समजून पुसू नये. ते मेणाचे संरक्षक आवरण असते आणि पुसले गेले की त्या पानावर सहसा पूर्ववत होत नाही. पानांच्या बेचक्यात कापसासारखे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण.

आपल्याकडे खरी परीक्षा जून ते सप्टेंबर. पानांच्या मध्यभागी पाणी साचले की शेंडा सडतो, म्हणून या काळात कुंडी छपराखाली, उजेडाच्या आणि वाऱ्याच्या जागी हवी. खोड लांबलेले रोप फेकू नये. शेंडा छाटून, काप तीन-चार दिवस सुकवून पुन्हा लावता येतो.

खरेदी करताना एक गोष्ट तपासावी. चकचकीत निळा किंवा सोनेरी रंग सर्व पानांवर सारखाच असेल आणि मधून उगवणारे कोवळे पान हिरवे असेल, तर तो स्प्रे पेंट असू शकतो. अशा पानांपर्यंत उजेड नीट पोहोचत नाही.