वण पुसत नाही, सैल होतो

भाजल्याची जखम भरली, ड्रेसिंग सुटलं, की घरच्यांना हायसं वाटतं. पण बऱ्याच रुग्णांचा दुसरा त्रास तिथून पुढे सुरू होतो. एक-दोन महिन्यांत वण लालबुंद होतो, फुगतो, रात्रीची झोप उडावी इतका खाजतो. तो मानेवर किंवा कोपरावर असेल, तर सांधाही आखडू लागतो.

जखम भरताना शरीर कोलॅजनचे धागे तयार करतं. भरायला तीन आठवड्यांहून जास्त काळ लागला, तर हे काम वेळेवर थांबत नाही आणि धाग्यांचे जाड, आवळलेले गठ्ठे साचतात. असा वण जखमेच्या हद्दीतच राहिला, तर तो हायपरट्रॉफिक. हद्द ओलांडून आजूबाजूच्या चांगल्या कातडीत पसरला, तर कीलॉइड. उपचारापूर्वी हा फरक करावाच लागतो, कारण कीलॉइड नुसत्या लेसरने पुन्हा वाढण्याची शक्यता मोठी असते.

वणासाठी मुख्यतः दोन लेसर वापरतात. पल्स्ड डाय लेसरचा ५९५ नॅनोमीटरचा प्रकाश रक्तातलं हिमोग्लोबिन शोषून घेतं. त्यामुळे वणातल्या जादा रक्तवाहिन्या बंद होतात, लाली आणि खाज उतरते. जाड, ताठर वणाला फ्रॅक्शनल कार्बन डायऑक्साइड लेसर लागतो. तो वणात खोलवर जाणारी बारीक छिद्रं पाडतो आणि मधली कातडी शाबूत ठेवतो. त्या शाबूत भागातून छिद्रं लवकर भरतात आणि नवं कोलॅजन अधिक शिस्तीत बसतं. छिद्रं उघडी असतानाच वरून स्टेरॉइड सोडलं, तर तेही आत झिरपतं. हा कार्बन डायऑक्साइड लेसर १९६४ मध्ये अमेरिकेतल्या बेल लॅबमध्ये कुमार पटेल यांनी शोधला. त्यांचा जन्म बारामतीचा, अभियांत्रिकीचं शिक्षण पुण्याचं.

एका सिटिंगमध्ये काम होत नाही. साधारण चार ते आठ आठवड्यांच्या अंतराने अनेक सिटिंग लागतात. आधी बधिर करणारं मलम लावतात. लहान मुलांना किंवा वण मोठा असेल तर भूल देतात. आपल्या सावळ्या कातडीवर नंतर काळे डाग पडण्याचा धोका जास्त. म्हणून लेसरची मात्रा बेतानेच ठेवावी लागते आणि उन्हापासून कडक जपावं लागतं. सिलिकॉन जेल, मालिश, प्रेशर गारमेंट (वणावर दाब देणारे घट्ट कपडे) हे आधीपासूनचे उपाय लेसर सुरू झाला म्हणून सोडायचे नसतात. सांधा पूर्ण आखडला असेल, तर आधी प्लास्टिक सर्जनची शस्त्रक्रियाच लागू शकते.

‘डाग जाईल ना?’ या प्रश्नाचं प्रामाणिक उत्तर ‘पूर्ण नाही’ असंच आहे. मिळतं ते मऊपण, सपाटपणा, कमी खाज आणि मोकळी हालचाल. म्हणून पहिल्या सिटिंगआधी फोटो काढून ठेवा, खाजेला दहापैकी गुण द्या, हात किती वर जातो ते मोजून घ्या. पुढची सिटिंग घ्यायची की थांबायचं, हे डॉक्टरांशी बोलताना या नोंदींचाच आधार होतो.