टेन-फिफ्टी टीआय की फाइव्ह-सेव्हन्टी?

२०१६ ची दिवाळी ३० ऑक्टोबरला होती. त्याच आठवड्यात, २५ तारखेला, एनव्हिडियाचं जीटीएक्स १०५० टीआय हे ग्राफिक्स कार्ड बाजारात आलं. दोन आठवड्यांनी, ८ नोव्हेंबरच्या रात्री, पाचशे-हजाराच्या नोटा बाद झाल्या. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरचा कॉम्प्युटरच्या सुट्या भागांचा व्यवहार तोवर बराचसा रोखीचा होता. बोनसच्या पैशातून मुलाला कार्ड घेऊन देऊ म्हणणारे बाबा बँकेच्या रांगेत उभे राहिले आणि खरेदी पुढे गेली. पुढच्या एप्रिलमध्ये एएमडीचं आरएक्स ५७० आलं. १ जुलैला जीएसटी लागू झाला आणि कार्डावर १८ टक्के कर बसला. पक्कं बिल घ्यायचं की कच्च्यावर भागवायचं, हा प्रश्न त्यानंतर प्रत्येक गिऱ्हाइकाला पडू लागला, कारण बिल नसेल तर वॉरंटी नाही.

अशा धामधुमीत या दोन कार्डांची जोडी जमली. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड, कुठेही पीसीवर गेम खेळणारी चार पोरं जमली की पुढची तीन-चार वर्षं वाद एकच असायचा: टेन-फिफ्टी टीआय की फाइव्ह-सेव्हन्टी? आज मागे वळून पाहताना माझं मत पक्कं झालं आहे. २०१७ मध्ये ज्यांनी १०५० टीआय घेतलं त्यांचा निर्णय बरोबर होता. २०१९ मध्ये ज्यांनी तेच घेतलं त्यांनी पैसे वाया घालवले. कार्ड तेच होतं, प्रतिस्पर्धीही तोच. मधल्या काळात बाकी सगळं बदललं होतं.

कागदावर ही लढत कधी बरोबरीची नव्हतीच. १०५० टीआयमध्ये ७६८ कोअर, १२८ बिटची मेमरी बस आणि सेकंदाला ११२ गिगाबाइटचा मेमरी वेग. ५७० मध्ये २०४८ स्ट्रीम प्रोसेसर, २५६ बिटची बस आणि बरोबर दुप्पट, २२४ गिगाबाइट. दोन कंपन्यांचे कोअर एकास एक मोजता येत नाहीत हे खरं, पण खेळतानाही फरक डोळ्यांना दिसायचा. १०८० पी वर १०५० टीआय सेकंदाला चाळीस फ्रेम देत असेल तिथे ५७० पंचावन्नच्या आसपास जायचं. ‘विचर ३’सारख्या गेममध्ये हे अंतर म्हणजे अडखळत खेळणं आणि सुखाने खेळणं यातलं अंतर. अमेरिकेतली जाहीर किंमत १३९ डॉलर आणि १६९ डॉलर. तीस डॉलर जास्त टाकून तिसऱ्या हिश्शाहून अधिक वेग मिळत असेल तर विचार तो काय करायचा?

विचार करावा लागायचा, आणि त्याचं कारण कॅबिनेटच्या आत असायचं. घाटकोपरच्या एखाद्या चाळीतला किंवा बोरिवलीच्या वन-रूम-किचनमधला पीसी उघडून पाहा. हे मशीन चार-पाच वर्षांपूर्वी ओळखीच्या माणसाने जोडून दिलेलं. त्यात कोअर आय-थ्री, चार जीबी रॅम आणि कॅबिनेटसोबत फुकट आलेला एसएमपीएस, म्हणजे मशीनला वीज पुरवणारा डबा. एसएमपीएसवर मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असायचं ‘४५० वॅट’. पण खाली बारीक अक्षरांत एक तक्ता असतो, आणि बघायचं ते तिथेच. १२ व्होल्टच्या रांगेत १४ अँपियर लिहिलं असेल तर गुणाकार करा: १६८ वॅट. ग्राफिक्स कार्ड आणि प्रोसेसर जवळजवळ सगळी वीज याच १२ व्होल्टवरून घेतात, त्यामुळे वरच्या साडेचारशेला काही अर्थ उरत नाही. आता हिशेब मांडा. प्रोसेसरचे ६५ वॅट, १०५० टीआयचे ७५, बेरीज १४०. कसंबसं बसलं. त्याच जागी ५७० चे १५० धरले तर बेरीज २१५ होते, आणि त्या बिचाऱ्या डब्याचा जीव १६८ चा. गेम रंगात आला की मशीन फट्कन बंद. नशीब फिरलेलं असेल तर जळका वास आणि सोबत मदरबोर्डही गेला.

१०५० टीआयची खरी करामत ती ७५ वॅटची. मदरबोर्डवरच्या पीसीआय एक्सप्रेस स्लॉटमधून कार्डाला जास्तीत जास्त ७५ वॅट मिळू शकतात, आणि हे कार्ड नेमकं तेवढ्यात भागवायचं. बरीचशी मॉडेल्स वेगळी पॉवर केबल मागायचीच नाहीत. स्लॉटमध्ये खुपसा, स्क्रू मारा, ड्रायव्हर टाका. एनव्हिडियाची शिफारस ३०० वॅटच्या एसएमपीएसची होती, एएमडीची ४५० च्या, तोही खऱ्या ४५० च्या. म्हणजे ५७० घेणाऱ्याला कार्डाच्या किमतीवर चांगल्या एसएमपीएसचे आणखी दोन-अडीच हजार मोजावे लागायचे. एसएमपीएस बदलून स्क्रीनवर काहीच जास्त दिसत नाही, मग तो कशाला, हे घरच्यांना पटवणं अवघड जायचं.

मॉनिटरची गोष्टही तशीच. त्या काळी उपनगरातल्या कितीतरी घरांत साडेअठरा इंची, १३६६ गुणिले ७६८ चा मॉनिटर होता आणि त्याला फक्त व्हीजीए पोर्ट. या दोन्ही कार्डांना व्हीजीए नव्हतंच, त्यामुळे आधी एचडीएमआय-टू-व्हीजीए कन्व्हर्टर आणणं आलं. बरं, एवढ्या लहान स्क्रीनवर १०५० टीआयच पुरून उरायचं. ५७० ची जादा ताकद वापरायला जागाच नसायची, कारण आधी दम जायचा तो आय-थ्रीचा. शिवाय डायरेक्टएक्स ११ च्या गेममध्ये एएमडीचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त बोजा टाकायचा. परीक्षणं व्हायची ती भारीतल्या कोअर आय-सेव्हनवर, म्हणून त्यात हे दिसायचं नाही. मुलुंडच्या मुलाच्या जुन्या आय-थ्रीवर मात्र ते दिसायचं. परीक्षणातली चाळीसाला पंचावन्न त्याच्या घरी चाळीसाला बेचाळीस व्हायची.

विजेच्या बिलाचा मुद्दा मात्र उगाच फुगवला गेला, असं मला वाटतं. मुलुंड-भांडुपला महावितरण, बाकीच्या बहुतेक उपनगरांत आधी रिलायन्स आणि ऑगस्ट २०१८ नंतर अदानी, काही घरी टाटा. बिल कोणाचंही असो, गणित साधं आहे. ७५ वॅटचा फरक, रोज तीन तास, महिनाभर: पावणेसात युनिट. युनिटला आठ रुपये धरले तर महिन्याला ५४. मुलगा रात्रभर खेळणारा असेल आणि बिल तीनशे युनिटच्या वरच्या टप्प्यात सरकत असेल तर थोडं जास्त. त्यावरून कार्ड ठरवावं एवढी ही रक्कम नव्हती. मे महिन्यात दहा बाय दहाच्या खोलीत दीडशे वॅटची शेगडी चालू असण्याचा त्रास त्याहून मोठा होता.

हे सगळं असूनही २०१७ चा निकाल मुळात एसएमपीएसने लावलाच नाही. तो लावला इथेरियम या क्रिप्टोने. इथेरियमचं मायनिंग, म्हणजे कार्डांवर आकडेमोड करून त्याची नाणी मिळवणं, मेमरीच्या वेगावर चालायचं आणि ५७० चा मेमरी वेग त्या किमतीत दुसरं कुठलंच कार्ड देत नव्हतं. ज्या गुणामुळे ते गेमिंगला उत्तम होतं त्याच गुणामुळे जगभरच्या मायनरनी ते उचललं. २०१७ च्या उन्हाळ्यापासून दुकानात ५७० विचारलं की ‘माल नाही’ किंवा मग चढा भाव. जानेवारी २०१८ मध्ये इथेरियमचं नाणं, एक इथर, १४०० डॉलरवर गेला तेव्हा तर ५७० ची जाहीर किंमत विसरूनच जायची वेळ आली. १०५० टीआय मायनरच्या फारसं कामाचं नव्हतं. त्याचा भावही थोडा चढला, पण ते मिळत राहिलं. अंधेरीच्या राशी पेरिफेरल्ससारख्या वितरकांकडून माल निघायचा आणि लॅमिंग्टन रोडच्या काउंटरवर पोचायचा. ग्रँट रोडला उतरून तासाभरात कार्ड पिशवीत घालून परतीची लोकल पकडता यायची. कागदावर कितीही चांगलं असलं तरी जे कार्ड मिळतच नाही त्याच्याशी तुलना करत बसण्यात अर्थ नव्हता. म्हणून म्हणतो, तेव्हा १०५० टीआय घेणाऱ्यांचं काही चुकलं नाही.

मग वारं फिरलं. ६ एप्रिल २०१८ ला रिझर्व्ह बँकेने बँकांना क्रिप्टोच्या व्यवहारांपासून दूर राहायला सांगितलं, आणि वर्षअखेर इथर शंभर डॉलरच्या खाली आला. मायनिंगचा बाजार उठला. न विकलेली ५७० ची कार्डं दुकानांत साचली आणि किंमत घसरत घसरत १०५० टीआयच्या शेजारी येऊन बसली. २०१९ मध्ये ही दोन्ही कार्डं दहा-बारा हजारांच्या पट्ट्यात मिळत होती. एव्हाना स्वस्त मॉनिटरही फुल एचडी झाले होते, एएमडीचे रायझन आल्यामुळे कमी पैशात चांगला प्रोसेसर मिळत होता, आणि नवं मशीन जोडताना बरा एसएमपीएस टाकायची समज आली होती. ५७० विरुद्धचा एकेक आक्षेप गळून पडला होता.

तरीही काउंटरवर १०५० टीआयच खपत राहिलं, आणि एप्रिल २०१९ नंतर त्याच्या जागी आलेलं जीटीएक्स १६५०, जे स्वतः ५७० पेक्षा हळूच होतं. याचं मला अजून वाईट वाटतं. कारणं समजण्यासारखी आहेत. उपनगरात अर्धी ग्राफिक्स कार्डं गेमच्या नावाने विकत घेतली जातच नाहीत. घरी सांगितलं जातं ते अॅनिमेशनच्या क्लासचं, मास मीडियाच्या प्रोजेक्टचं, एडिटिंगचं. अंधेरी-गोरेगावच्या स्टुडिओंतून एडिटिंग म्हटलं की एनव्हिडियाच, हे इतकं रुजलेलं होतं की तिथे काम करणारा मामा किंवा दादा दुसरं नाव घ्यायचा नाही. त्यात तथ्यही होतं. बरीच सॉफ्टवेअर एनव्हिडियाच्या क्युडावर चालतात, आणि खेळताना यूट्यूबवर थेट प्रक्षेपण करणाऱ्यांना एनव्हिडियाचा एनकोडर खरोखर उपयोगी पडायचा. पण ‘जीटीए फाइव्ह’ आणि ‘पबजी’ खेळण्यासाठी बारा हजार मोजणाऱ्या मुलाला त्या दादाच्या स्टुडिओशी काय देणंघेणं? त्याच पैशात त्याला तिसऱ्या हिश्शाने वेगवान कार्ड मिळत होतं. दुकानदाराने सांगितलं नाही, कारण एनव्हिडियाचा डबा आपोआप खपतो आणि परत येत नाही. धंद्याच्या दृष्टीने त्याचंही बरोबर, पण नुकसान झालं ते त्या मुलाचं.

लॉकडाउनमध्ये सगळाच बाजार उलटापालटा झाला. जून २०२० मध्ये ‘व्हॅलरंट’ आला आणि त्याच वर्षी त्याचे सर्व्हर मुंबईत लागले. हा गेम इतका हलका की १०५० टीआयवरही छान पळतो. कार्डांची टंचाई एवढी वाढली की फेब्रुवारी २०२१ मध्ये एनव्हिडियाने चार वर्षं जुन्या १०५० टीआयचा पुरवठा पुन्हा सुरू केला, आणि लोकांनी ते मूळ किमतीपेक्षा जास्त देऊन घेतलं. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियमने मायनिंगच बंद केलं. मग सेकंड-हॅण्डमध्ये ५७० चा पूर आला.

या सेकंड-हॅण्ड बाजाराबद्दल थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण फसवणूक इथेच जास्त झाली. सौदा ठरायचा फोनवर आणि कार्ड हातात पडायचं मेट्रोच्या जिन्याखाली, अंधेरीला किंवा घाटकोपरला. तिथे ते चालवून कसं बघणार? मायनिंगमधून आलेल्या ५७० वर अनेकदा बदललेला बायोस, म्हणजे कार्डातला मूळ प्रोग्राम, असायचा. मशीन सुरू व्हायचं, चित्रही यायचं, पण ड्रायव्हर टाकला की विंडोज कार्ड नाकारायची. मूळ बायोस परत टाकला की बहुधा सुटायचं, पण हे माहीत नसणाऱ्यांनी चांगली कार्डं भंगारात काढली. पंखा बोटाने फिरवून बघावा. डळमळला तर तो दिवसरात्र चाललेला आहे. मागच्या बाजूला मेमरीच्या आसपास तेलकट ओल दिसली तर थर्मल पॅड विरघळायला लागले आहेत. १०५० टीआयच्या बाबतीत धोका वेगळा होता. जुन्या जीटीएस ४५० सारख्या कार्डांचा बायोस बदलून त्यांना १०५० टीआय म्हणून खपवलं जायचं. ओळखायची खूण सोपी आहे. कार्डाला व्हीजीए पोर्ट असेल तर ते १०५० टीआय नाही, कारण त्याच्या पास्कल पिढीत अॅनालॉग आउटपुटच नव्हतं. आणि ‘आरएक्स ५८० २०४८ एसपी’ असं लिहिलेलं कार्ड दिसलं तर समजावं की हे जवळजवळ ५७० च आहे. खऱ्या ५८० मध्ये २३०४ स्ट्रीम प्रोसेसर असतात.

आता दोघांचेही शेवटचे दिवस आहेत. एएमडीने २०२३ च्या अखेरीस ५७० च्या पिढीचे ड्रायव्हर वेगळे काढून त्यांची गती कमी केली. एनव्हिडियाने ऑक्टोबर २०२५ मध्ये १०५० टीआयसाठी नव्या गेमचे ड्रायव्हर थांबवले, आता फक्त सुरक्षेचे अपडेट येतील, तेही २०२८ पर्यंत. त्याच महिन्यात विंडोज १० चा आधार संपला, आणि २०१७ च्या सुमाराच्या बहुतेक मशीनना विंडोज ११ अधिकृतपणे चालत नाही. ‘अॅलन वेक २’ किंवा ‘इंडियाना जोन्स’ यांसारखे गेम ज्या सोयी मागतात त्या या दोन्हींत नाहीत. एक गोष्ट मात्र नोंदवायला हवी. २०२१ मध्ये एएमडीने एफएसआर आणलं, कमी रिझोल्यूशनला चित्र काढून ते मोठं करून दाखवणारं तंत्र, आणि ते एनव्हिडियाच्या जुन्या कार्डांनाही खुलं ठेवलं. १०५० टीआयचं आयुष्य दोनेक वर्षांनी वाढलं ते प्रतिस्पर्धी कंपनीमुळे.

आजही कोणी शिकणाऱ्या मुलासाठी जुनं मशीन उभं करत असेल आणि दोन्ही कार्डं सारख्या भावात समोर आली, तर ५७० घ्यावं, आणि त्यातही आठ जीबीचं शोधावं. १०५० टीआय चार जीबीतच यायचं आणि नव्या गेमना ती मेमरी पहिल्यांदा अपुरी पडते. लिनक्स टाकायची तयारी असेल तर ५७० ला तिथले मुक्त ड्रायव्हर अजून उत्तम सांभाळतात. पण मशीन एखाद्या ऑफिसातून निघालेलं असेल आणि त्याच्या एसएमपीएसमधून पॉवर केबलच निघत नसेल, तर १०५० टीआय घ्यावं, आणि पैसे देण्याआधी ते आपल्याच मशीनमध्ये तासभर चालवून बघावं.