नाव सापडेना, म्हणजे सर्व्हर बंद नव्हे

दूरच्या संगणकाशी संपर्क साधताना आपण त्याचे नाव देतो. यंत्रास मात्र अंकी पत्ता लागतो. प्रारंभी अशा नावांची एकच यादी अमेरिकेतील स्टॅनफर्ड संशोधन संस्थेत ठेवली जाई. १९८३ मध्ये पॉल मोकापेट्रिस यांनी 'डीएनएस' पद्धती मांडली आणि हे काम अनेक सर्व्हरांत विभागले गेले.

'नाव सापडत नाही' असा संदेश येताच 'सर्व्हर बंद आहे' म्हणून दाखल्यासाठी आलेल्यास परत पाठवू नये. प्रथम स्पेलिंग तपासावे. नंतर अंकी पत्त्याने संपर्क करून पाहावा. तो झाल्यास मार्ग ठीक असून दोष नाव शोधण्यात आहे, असे समजावे. मग 'होस्ट्स' फाइलीत जुनी नोंद राहिली आहे काय, डीएनएस सर्व्हरचा पत्ता बरोबर आहे काय, हे पाहावे. एवढ्या तपासणीने नागरिकाची एक खेप वाचू शकते.