हिंगोलीच्या वेशीवरील झाडें आणि कायदा

हिंगोली हें गांव छावणीमुळें वाढलें. हैदराबाद कंटिंजंट फौजेचा तळ येथें १९०३ पर्यंत होता. फौज गेली तरी रिसाला बाजार, तोफखाना, पलटण हीं मोहल्ल्यांचीं नांवें राहिलीं. १ मे १९९९ रोजीं परभणी जिल्ह्यांतून निराळें निघून तें जिल्ह्याचें ठाणें झालें. अशा ठाण्यापाशीं वस्ती नगरपरिषदेच्या हद्दीबाहेर सरकतेच. त्या कडेच्या पट्ट्यांतील झाडांस कायद्याचा आधार कितपत आहे, एवढेंच आम्हांस येथें पाहावयाचें आहे.

झाडें राखण्याची आज्ञा आपल्याकडे नवी नव्हे. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रांत (सुमारें १७१५) आरमाराच्या प्रकरणीं हा विषय आला आहे. जहाजांस लागणारें सागवान हुजुरांच्या परवानगीनें तोडावें, अधिक लागेल तें परमुलखांतून विकत आणावें; आंबा व फणस यांचें लांकूड कामाचें असलें तरी त्यांस हात लावूं नये, कारण तीं वाढण्यास दीर्घ काळ लागतो आणि रयतेचा जीव त्यांत गुंतलेला असतो. अगदींच जीर्ण झाड असेल, तर धन्यास राजी करून व मोल देऊन घ्यावें. हा निर्बंध रयतेवर नसून सरकारच्या माणसांवर आहे, हें आमच्या मतें विशेष ध्यानांत घेण्याजोगें होय. आजचा कायदा प्रथम झाडाच्या मालकास अडवितो.

आजचे मुख्य कायदे दोन. १९६४ चा वृक्षतोड नियमनाचा कायदा जातींवर चालतो. त्याच्या अनुसूचींत साग, मोह, चिंच, आंबा, जांभूळ, चंदन आदि सोळा जाती आहेत. वड, पिंपळ आणि लिंब त्यांत नाहींत. मराठवाड्यांतील कोणत्याही खेड्याचा पार डोळ्यांपुढें आणावा, म्हणजे ही उणीव केवढी तें कळेल. उलट १९७५ चा नागरी क्षेत्रांतील वृक्षांचा कायदा जात पाहत नाहीं, हद्द पाहतो. हद्दीच्या आंतील झाड तोडावयाचें तर वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. म्हणजे बांधाच्या अलीकडील लिंबास रक्षण आहे, आणि पलीकडच्या खाजगी शेतांतील त्याच वयाच्या लिंबास या दोहोंपैकीं एकाचेंही नाहीं. प्लॉट मात्र पलीकडेच पडतात.

२०२१ च्या दुरुस्तीनें पन्नास वर्षें वा अधिक वयाच्या झाडास वारसा-वृक्ष मानलें आणि तोडलेल्या झाडाचें जितकें वय तितकीं नवीं लावावीं असें ठरविलें. येथें वय हाच वादाचा विषय होतो. घेरावरून केलेला अंदाज ढोबळ. वडाचा बुंधा तर पारंब्या मिळून फुगतो. अशा वेळीं दप्तर उपयोगीं पडेल. मराठवाड्यांत १९५४ च्या सुमाराची खासरा पाहणी आहे. तींत एखाद्या बांधावरील झाडाची नोंद सांपडली, तर त्यानें सत्तरी केव्हांच ओलांडली. जुन्या खरेदीखतांतील चतुःसीमेंतही ‘पूर्वेस लिंब’ असें लिहिलेलें असतें. परंतु हा पुरावा हद्दीबाहेर निरुपयोगी, आणि हद्द वाढेपर्यंत झाड उभें राहिलें पाहिजे.

ज्यांच्या घरीं हिंगोली, वसमत, कळमनुरी या बाजूचीं असलीं खतें असतील, त्यांनीं चतुःसीमेच्या ओळींची नक्कल गट क्रमांकासह करून ठेवावी. झाड अद्याप उभें आहे कीं नाहीं, तेंही खालीं लिहावें.